मोठ्या आजीचे यजमान

हे गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी गावातल्या लायब्ररीत जाऊन बसायला लागले. वाचायला म्हणून नाही. अमेरिकेतल्या या डब्लिनमध्ये आमची हयात गेली. ओळखीपाळखी भरपूर, पण त्या सगळ्या जोडप्याच्या. मराठी मंडळाच्या जेवणाला मी एकदा एकटी जाऊन आले. माझ्या शेजारची खुर्ची कोणीतरी "इथे कोणी आहे का, काकू?" असं विचारून उचलून नेली. विचारणाऱ्याची काहीच चूक नव्हती. तरी मी परत गेले नाही. घरी थर्मोस्टॅट कितीही वाढवला तरी खोल्या गारच वाटायच्या. लायब्ररीत निदान माणसांचे आवाज होते, कोणीतरी खोकायचं, कोणीतरी पानं उलटायचं.

वरच्या मजल्यावर एका कोपऱ्यात पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांसाठी एक खोली होती. तिथं ऊन यायचं म्हणून मी तिथं बसायचे. एक निवृत्त शाळामास्तरीण तिथं स्वयंसेवक म्हणून यायची. माझ्याहून मोठी, कानात यंत्र, गळ्यात दोरीला लटकलेला चष्मा. तिनं मला विचारलं, "तुम्ही कोणाला शोधताय?"

"कोणालाच नाही," मी म्हटलं. "माझे लोक इथले नाहीत."

"मग उबेला बसा," ती हसून म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

असे बरेच दिवस गेले. आजूबाजूला लोक जुन्या जनगणनेची पानं पडद्यावर मोठी करून बघत बसायचे. इथे जनगणनेतली माणसांची नावं बहात्तर वर्षं झाकून ठेवतात आणि मग सगळ्यांना खुली करतात. कोणाचे पणजोबा खाणीत, कोणाची आजी मोलकरीण. सापडलं की माणसं लहान मुलासारखी शेजाऱ्याला हलवून दाखवायची. एका दुपारी मी त्या बाईंपाशी गेले आणि म्हटलं, "आमच्यातले एक जण आले होते. फार पूर्वी."

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धाच्या आधी यंत्रांचं शिक्षण घ्यायला अमेरिकेला आले, ते परत गेलेच नाहीत. सुरुवातीला पत्रं यायची. पुढे ती बंद झाली. आजोबांनी दोन-तीन वर्षं वाट पाहिली आणि मग घरात त्यांचं नाव काढायचं नाही असं ठरवून टाकलं. पण त्यांची बायको घरातच होती. लग्न झालं तेव्हा ती अगदी लहान, आणि त्यांच्याबरोबर संसार म्हणाल तर वर्षभराचा. आजोबा गेल्यावर ती माझ्या वडिलांकडे आली. वडील रेल्वेत होते आणि आम्ही भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. वडील तिला काकी म्हणायचे, आम्ही भावंडं मोठी आजी म्हणायचो. ती खिडकीशी शिवणयंत्र घेऊन बसायची. कॉलनीतल्या निम्म्या बायकांची पोलकी तीच शिवायची. फार बोलायची नाही. कपाळावर मात्र ठसठशीत कुंकू.

एका संक्रांतीला मी तिच्याबरोबर शेजारी हळदीकुंकवाला गेले होते. त्या घरच्या बाई नव्यानंच बदली होऊन आलेल्या. करंडा घेऊन ओळीनं कुंकू लावत आल्या आणि मोठ्या आजीला वगळून पुढच्या बाईकडे गेल्या. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं असणार.

"बाई, मी राहिले," मोठी आजी म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

त्या बाईंनी माझ्या आईकडे पाहिलं. आई सतरंजीकडे बघत होती. मग त्या मागे आल्या आणि घाईघाईनं कुंकू टेकवलं. ते वाकडं लागलं. परत येताना मोठी आजी वाटेत थांबली आणि पदराच्या टोकानं तिनं ते नीट केलं.

मी विचारलं, "आजी, ते आहेत ना पण?"

"काही वाईट कळलं नाही अजून," ती म्हणाली. "तोवर आहेत."

मी कॉलेजात जायला लागले त्या सुमारास ती गेली. तिला हिरवं लुगडं नेसवायचं की नाही, यावरून तिला घरातून न्यायच्या आधी भांडण झालं. वडिलांची आत्या म्हणाली, "त्या माणसाचा पत्ता नाही इतकी वर्षं. कशाची सवाशीण?" वडील एरवी आत्यासमोर मान वर करायचे नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "काकीनं जन्मभर लावलं. मी आज पुसणार नाही." हिरवं लुगडं नेसवलं.

हे सगळं मी त्या शाळामास्तरणीला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की आजोबांचे भाऊ, हे नाव, हे आडनाव. तिथंच अडलं. आमच्या माहेरच्या आडनावात ळ आहे. तो तिला म्हणून दाखवला, तर तिनं चार-पाचदा प्रयत्न केला आणि दर वेळी वेगळंच काहीतरी निघालं. "चांगलं झालं," ती म्हणाली. "जनगणनेला आलेल्या माणसालाही असंच ऐकू आलं असणार. मला जे जे ऐकू येतंय ते सगळं आपण टाकून बघू." एल घालून काही सापडलं नाही. डी घालून नाही. आर घालून सापडले.

एकोणीसशे वीस सालची नोंद होती. ओरेगनमधलं लाकडाच्या गिरण्यांचं एक गाव, आणि तिथली मजुरांनी एकत्र राहायची खोली. नाव बरोबर, मधलं अक्षर माझ्या पणजोबांच्या नावाचं, वय जुळत होतं. यंत्रांचं शिक्षण घ्यायला आलेला माणूस गिरणीत ओंडके ओढत होता. वंशाच्या रकान्यात सगळ्यांपुढे हिंदू म्हणून एकच खूण होती, तेव्हा इथे आपल्याकडच्या प्रत्येकाला हिंदूच म्हणत. मातृभाषेच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत पंजाबी, पंजाबी, पंजाबी, आणि त्यांच्यापुढे "मराटी". नोंद करायला आलेल्या माणसानं त्याला ऐकू आलं तसं लिहिलेलं. म्हणजे आजोबांचे भाऊ त्याला तसं म्हणाले होते. त्या खोलीत त्यांच्याशी मराठीत बोलणारं एकही माणूस नव्हतं, तरी विचारल्यावर त्यांनी मराठी म्हणून सांगितलं होतं. मी पडद्याला हात लावला आणि मोठ्यानं म्हणाले, "मराठी." शाळामास्तरणीनं चमकून वर पाहिलं. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात विवाहित अशी खूण होती.

त्या संध्याकाळी मी मुलाला फोन केला. तो दूर कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला असतो. "वॉव, आई! सो कूल!" तो म्हणाला. "मला फोटो पाठव ना." मी पाठवला. त्यावर त्यानं अंगठा पाठवला. नातीनं शाळेच्या प्रोजेक्टला वापरते म्हणून इंग्लिशमध्ये कळवलं. मला वाटलं होतं, कोणीतरी म्हणेल, आणि मग? पुढे काय झालं त्यांचं? ह्यांनी विचारलं असतं. ह्यांना असल्या गोष्टींचा नाद होता.

एकोणीसशे तीसची नोंद शोधायला वेळ लागला, कारण ते ओरेगन सोडून कॅलिफोर्नियात गेले होते. तिथल्या सपाट, शेतीच्या मुलखातल्या एका गावात, एका गोऱ्या विधवेच्या घरी भाड्याची खोली. कामाच्या रकान्यात सायकलींच्या दुकानातला कारागीर. मला बरं वाटलं, कसं का होईना, यंत्रांपाशी पोचले होते. मग मी वैवाहिक स्थितीचा रकाना पाहिला. तिथं विधुर लिहिलं होतं.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ओळ चुकली असेल म्हणून पडद्यावर पट्टी धरून पाहिलं. ओळ त्यांचीच होती.

त्या वर्षी मोठी आजी पस्तिशीची असेल. सासरी राबत होती, वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळत होती. आणि इथे एका परक्या गावात तिला मृत ठरवून टाकलं होतं. मी घरी आले. वरण-भाताचा कुकर लावला आणि शिट्ट्या झाल्यावर तो उघडलाच नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याला भावाला फोन केला. मोठ्या आजीला पाहिलेले आता आम्ही दोघंच उरलोय.

तो म्हणाला, "दुसरं लग्न करायचं असेल."

"केलेलं दिसत नाही. एकटेच आहेत त्या घरात."

"मग कशाला सांगितलं असं?"

"मला काय माहीत?"

"जाऊ दे ना," तो म्हणाला. "सगळी गेली. तू एकटी तिथं बसून हे कशाला उकरतेस? इकडे ये थोडे दिवस."

मी लायब्ररीत जाणं थांबवलं. मला त्या माणसाचा राग आला होता, आणि तो राग काढायला जवळ कोणी नव्हतं. घरातल्या घरात फिरताना मी त्यांच्याशी भांडायचे. शिवणयंत्राचा आवाज आठवायचा आणि आणखी चीड यायची. एकदा तर मी ह्यांच्या फोटोसमोर उभी राहून मोठ्यानं सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर घर आणखीच शांत झालं.

पुढच्या आठवड्यात शाळामास्तरणीचा फोन आला. मी आजारी नाही ना, हे विचारायला. नवरा गेल्यापासून मी बाहेर दिसले नाही म्हणून चौकशी करणारी ती पहिलीच. मी तिला फोनवरच सगळं सांगितलं, मोठ्या आजीचं कुंकूसुद्धा. कुंकू म्हणजे काय हे इंग्लिशमध्ये सांगताना माझी त्रेधा उडाली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उद्या ये. ते पान मला नीट बघायचंय."

दुसऱ्या दिवशी तिनं ते पान उघडलं आणि विधुर या खुणेकडे न बघता पुढचे रकाने वाचत गेली. "इथे येण्याआधी घरी बोलायची भाषा. काय लिहिलंय बघ."

तिथं "हिंदू" लिहिलं होतं.

"दहा वर्षांपूर्वी यानं आपल्या भाषेचं नाव सांगितलं होतं," ती म्हणाली. "भाषेचं नाव माहीत असलेला माणूस असं सांगेल का? तो दिवसभर दुकानात असणार. नोंद करायला आलेल्याला दार घरमालकिणीनं उघडलं असेल. तिला काय माहीत? एकटा राहतो, कोणी भेटायला येत नाही, चाळिशी उलटलेली. स्वतः विधवा. तिला वाटलं हाही तसलाच." मग तिनं चष्मा काढला. "असंच झालं असं मी म्हणत नाही. पण असं होतं. माझ्या आजीला एका नोंदीत तिच्या मोठ्या बहिणीची मुलगी करून टाकलंय."

मला एकदम रडू आलं. तिनं टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला.

चाळीसची नोंद आम्ही त्याच दुपारी शोधली. गाव तेच, पण घर दुसरं. आता ते एका दुकानाच्या मागच्या खोलीत एकटे होते. त्या वर्षीच्या जनगणनेत एक सोय आहे, जी मला तिनं सांगितली: घरातल्या ज्या माणसानं माहिती दिली त्याच्या नावापुढे वर्तुळात फुली करत. यांच्या नावापुढे ती होती. एकट्याच्या घरात दुसरं कोण देणार म्हणा. तिनं पट्टी सरकवत वैवाहिक स्थितीपर्यंत आणली.

विवाहित.

"त्यानं स्वतः सांगितलंय," ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता. तिला वाटलं, आता माझं समाधान होईल. मीही हसले. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

पण गाडीत येऊन बसल्यावर मला किल्ली फिरवेना. आतापर्यंत निदान एक वाट होती, की त्यांना कोणीतरी चुकीचं कळवलं असेल, ती गेली असं समजून ते गप्प बसले असतील. आता तीही राहिली नाही. ती आहे असं ते धरून चालले होते. दारात आलेल्या अनोळखी माणसाला त्यांनी तसं सांगितलं. तिला मात्र एक ओळ लिहिली नाही. परत जावं तर पुन्हा येता येणार नाही, बायकोला आणावं तर कायदा आणू देत नाही, त्या काळातल्या आपल्या लोकांची ही कोंडी मी नंतर वाचली. लाज वाटली असेल, शिकायला गेलेला मुलगा ओंडके ओढतो हे कसं कळवायचं. हे सगळं मला समजतं. तरी एक ओळ, एवढंच मनात येत राहिलं. पार्किंग लॉटमध्ये बर्फ भुरभुरत होता. काच पांढरी होत गेली आणि मी आत तशीच बसून राहिले.

पन्नासच्या जनगणनेत ते नव्हते. त्या राज्याच्या मृत्यूंच्या नोंदीत सापडले. चाळीसनंतर काही वर्षांतच, देश स्वतंत्र व्हायच्या आधी गेले होते. मी भावाला कळवलं.

"म्हणजे ती आपल्याकडे राहायला आली तेव्हा..." तो म्हणाला.

"तेव्हा ते नव्हतेच."

"बाबांना कळलं नाही ते बरं झालं," तो म्हणाला. मग बराच वेळ आम्ही दोघंही तसेच फोन धरून होतो. त्याच्याकडून कुकरचा, रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज येत होता. माझ्याकडून त्याला काहीच ऐकू येत नसेल.

वसंतात मी मुलाकडे फ्रीमाँटला गेले. आजोबांच्या भावाचं ते गाव तिथून तीनेक तासांवर. मी एकटीनं बसनं जाऊन यायचं ठरवलं होतं, पण सून म्हणाली, "आई, असं कसं? तो नेईल." मुलानं शनिवारचं काहीतरी कॅन्सल केलं. नात आली नाही, तिची स्विमिंगची स्पर्धा होती.

दुकान होतं तिथं आता टायर विकतात. स्मशानभूमी मात्र नीट राखलेली होती. ऑफिसातल्या मुलीनं नकाशावर पेनानं खूण करून दिली. दगड सापडला, जमिनीलगतचा, हातभर लांबीचा. आडनाव तिथंही आर घालूनच होतं. दगड कोणी बसवला हे ऑफिसात कोणाला सांगता आलं नाही. दुकानाच्या मालकानं बसवला असेल, नाहीतर इतर हिंदी लोकांनी. कोणाला तरी एवढी आस्था होती, याचं मला आश्चर्य वाटलं.

मुलगा माझ्याशेजारी उभा राहिला. थोड्या वेळानं हळूच म्हणाला, "आई, काय करायचं असतं इथे?"

त्यांना शिव्या द्याव्यात असं घरून निघताना वाटत होतं. इथं आल्यावर ते होईना. दगडावर धूळ आणि वाळलेलं गवत चिकटलं होतं. मुलगा गाडीकडे गेला, पाण्याची बाटली घेऊन आला, आणि गुडघ्यावर बसून त्यानं दगड धुतला. अक्षरांमध्ये बसलेली माती बोटानं काढली. एवढं नीट काम करताना मी त्याला लहानपणापासून पाहिलं नव्हतं. हे होते तेव्हा त्यांची गाडी धुवायला लावली तरी तो पळायचा.

परतताना फ्रीवेला लागल्यावर त्यानं विचारलं, "ती कशी होती, आई? त्यांची वाइफ?"

मला इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी सावरून बसले. "मोठी आजी ना? ती खिडकीशी बसायची," मी सुरुवात केली. "तिच्या तोंडात नेहमी टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे काही विचारलं तर ती आधी मानेनं..."

फोन वाजला. ऑफिसमधला होता. त्यानं एक बोट वर करून मला थांबायची खूण केली आणि बोलायला लागला. कोणती तरी सिस्टिम बंद पडली होती. गाडीभर लोकांचे आवाज आले, सगळे एकदम बोलणारे. मी बाहेर बघत राहिले. डोंगर हिरवे होते, त्यावर पवनचक्क्या. मी मनातल्या मनात पुढचं जुळवून ठेवत होते, टाचण्यांनंतर काय सांगायचं, मग संक्रांत, मग लुगड्याचं.

त्याचा कॉल संपला तेव्हा आम्ही एक्झिट घेत होतो. "सॉरी, आई," तो म्हणाला. "काय सांगत होतीस?"

सिग्नलला गाडी थांबली. त्याचा चेहरा दमलेला होता, एक डोळा फोनवर.

"काही नाही," मी म्हटलं. "तिला शिवण फार छान यायचं."

"ओके," तो म्हणाला. सिग्नल सुटला आणि आम्ही घराकडे वळलो.